उपनगरातील रस्त्यावर पादचारी आणि सायकल मार्ग कसा आखावा: सुरुवात चौकापासून

उपनगरातील एखाद्या रस्त्यावर पादचारी आणि सायकल मार्ग आखायला घेतला, की पहिला आराखडा बहुधा सरळ भागाचा काढला जातो. सरळ भाग कागदावर बसवायला सोपा असतो: कडेला पदपथ, त्याला लागून सायकल मार्ग, मध्ये वाहनांच्या दोन मार्गिका, आणि काम झाल्यासारखे वाटते. मात्र एखादी आई आपल्या दहा वर्षांच्या मुलाला सायकलवरून शाळेत पाठवायचे की नाही हे ठरवते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर तो सरळ भाग नसतो. वळणाऱ्या गाड्या न थांबणारा वाटेतला एक चौक असतो. दोन किलोमीटरच्या मार्गातील 1,900 मीटर उत्तम असले आणि उरलेल्या 100 मीटरमध्ये मुलाला भर वाहतुकीत उतरावे लागत असेल, तर त्या आईच्या लेखी मार्ग झालेलाच नाही. म्हणून येथे आखणीचा क्रम उलटा मांडला आहे: आधी चौक, उपरस्त्यांची तोंडे, घरांची फाटके आणि बसथांबे, आणि त्यांचे उत्तर मिळाल्यावर सरळ भाग.

रस्ता आधी पायी पाहावा

नकाशा उघडण्यापूर्वी संपूर्ण रस्ता दोन्ही बाजूंनी चालून पाहावा, आणि तो वेगवेगळ्या वेळी पाहावा: सकाळी कामावर जाण्याच्या गर्दीत, शाळा सुटताना, अंधार पडल्यावर आणि शक्य असेल तर पाऊस पडत असताना. पावसात पाणी कुठे साचते हे कळते, आणि ते चुकवण्यासाठी चालणारा माणूस नेमका कुठे पदपथावरून खाली उतरतो हेही कळते. गवतात पडलेल्या पायवाटा विशेष लक्षपूर्वक टिपाव्यात. झेब्रा पट्टे चाळीस मीटर दूर असताना कडेच्या हिरवळीतून सरळ पायवाट पडलेली असेल, तर लोक बेशिस्त आहेत असे म्हणण्यापेक्षा पट्टे चुकीच्या जागी आहेत असे समजावे. ती पायवाट पलीकडे शाळेच्या फाटकाला भिडते की बसथांब्याला, हे पाहिले की रस्ता ओलांडण्याची खरी जागा सापडते.

यानंतर वेग मोजावा. फलकावरची वेगमर्यादा आणि गाड्यांचा प्रत्यक्ष वेग यांत बरेचदा अंतर असते, आणि आखणी प्रत्यक्ष वेगावर करायची असते. यंत्र हाताशी नसले तरी हे काम अडत नाही. टेपने 100 मीटर मोजून दोन्ही टोकांना खडूने खूण करावी. गाडी पहिल्या खुणेवर आली की स्टॉपवॉच सुरू करावे आणि दुसऱ्या खुणेवर थांबवावे. 12 सेकंद लागले तर वेग ताशी 30 किलोमीटर, 7.2 सेकंद लागले तर ताशी 50. अंतर 50 मीटरच घेतले, तर बोटाची दोन दशांश सेकंदांची चूकसुद्धा वेगवान गाडीच्या नोंदीत ताशी तीनेक किलोमीटरचा फरक पाडते, म्हणून 100 मीटर घेणे बरे. समोर अडथळा नसलेल्या शंभर गाड्यांच्या नोंदी वेगाच्या चढत्या क्रमाने लावाव्यात आणि त्यांतील पंच्याऐंशीव्या गाडीचा वेग आखणीसाठी धरावा. केवळ सरासरी काढली तर सर्वांत वेगवान गाड्या तिच्यात दडून जातात. नोंद घेणाऱ्याने शक्यतो झाडाआड उभे राहावे, कारण हातात वही घेऊन रस्त्याकडे पाहणारा माणूस दिसला की चालकाचा पाय आपोआप सैल होतो.

वेगाबद्दल इतका आग्रह धरण्याचे कारण साधे आहे. चालकाला धोका दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला असे धरले, तर ताशी 50 किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात सुमारे 14 मीटर पुढे गेलेली असते. ताशी 30 किलोमीटर वेगाची गाडी कोरड्या, चांगल्या रस्त्यावर साधारण तेवढ्याच अंतरात पूर्ण थांबते. सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला की प्राणघातक अपघाताचा धोका सुमारे 4 टक्क्यांनी वाढतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. वाहनांचा वेग खरोखर 30 च्या आत असेल आणि दिवसभरात दोन ते अडीच हजारांहून कमी गाड्या जात असतील, तर सायकली आणि गाड्या एकाच रस्त्यावरून चालू शकतात. तेथे वेगळ्या मार्गिकेपेक्षा वेग खाली ठेवण्यावर आणि बाहेरची वाहतूक आत शिरू न देण्यावर खर्च करणे शहाणपणाचे ठरते. त्याहून वेग किंवा गर्दी जास्त असेल, तर सायकलसाठी स्वतंत्र आणि भौतिकदृष्ट्या वेगळी केलेली जागा हवी. नुसत्या रंगवलेल्या पट्टीवर भिस्त ठेवू नये, कारण रंग गाडीला अडवत नाही.

चालणारे आणि सायकलस्वार मोजताना केवळ आकडा लिहून भागत नाही. कोण आहेत हेही लिहावे. मुले किती, वृद्ध किती, चाकाची खुर्ची किंवा बाळाची गाडी ढकलणारे किती, अंधारात एकट्या चालणाऱ्या स्त्रिया किती. जवळजवळ सगळे सायकलस्वार तरुण पुरुष असतील, तर बाकीच्यांनी तो रस्ता आपल्यासाठी नाही असे केव्हाच ठरवून टाकले आहे, आणि नवा मार्ग त्या गैरहजर लोकांसाठी आखायचा आहे. एका मोजणीच्या वेळी काठी टेकत रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांच्या मागे मी स्टॉपवॉच लावले होते. रस्ता 12 मीटर रुंद होता आणि सिग्नलची वेळ सेकंदाला 1.2 मीटर या नेहमीच्या चालीवर बेतलेली होती, म्हणजे 10 सेकंद. आजोबांची चाल सेकंदाला जेमतेम 0.8 मीटर भरली, म्हणजे त्यांना 15 सेकंद हवे होते. दिवा बदलला तेव्हा ते दोन तृतीयांश वाटेवर होते, आणि त्यांनी काठी उचलून गाड्यांना दाखवली. त्या पाच सेकंदांची तरतूद आराखड्यात आधी लिहावी, रंग आणि फरशी नंतर निवडावी.

उपरस्त्याचे तोंड

मुख्य रस्त्याला उपरस्ता मिळतो तेथे कोपऱ्याची वळणत्रिज्या किती आहे हे पहिल्यांदा मोजावे. उपनगरांत हे कोपरे अनेकदा इतके गोलाकार ठेवलेले असतात की गाडी वेग न सोडता वळते, आणि चालणाऱ्याला दुप्पट रुंदीचा डांबरी पट्टा ओलांडावा लागतो. कचऱ्याची गाडी आणि अग्निशमन गाडी वळू शकेल इतपत जागा ठेवून त्रिज्या कमी केली की वळण्याचा वेग आपोआप उतरतो. त्यानंतर पदपथ आणि सायकल मार्ग उपरस्त्याच्या तोंडावरून त्याच पातळीवर आणि त्याच फरशीत किंवा डांबरात पलीकडे न्यावेत, म्हणजे वर चढून उतरण्याचे काम गाडीने करावे, माणसाने नाही. चालकाला आपण कुणाच्या तरी वाटेवरून जात आहोत हे चाकांखाली जाणवले पाहिजे.

जागा असेल तर सायकल मार्ग उपरस्त्याच्या तोंडाशी मुख्य रस्त्यापासून साधारण पाच मीटर, म्हणजे एका मोटारीच्या लांबीइतका, आत वळवावा. वळून आलेली गाडी तेथे मुख्य वाहतुकीला न अडवता थांबू शकते आणि सायकलस्वार चालकाच्या खिडकीसमोर येतो, खांद्यामागे राहत नाही. कोपऱ्याजवळची पार्किंगची जागा काढावी लागते, आणि यावर वाद होतो हे खरे आहे. पण उंच गाडीआडून अचानक पुढे येणारे लहान मूल चालकाला दिसावे यासाठी दुसरा उपाय नाही. मोकळी झालेली जागा तशीच सोडली तर तिथे पुन्हा गाडी उभी राहते, म्हणून त्या जागी सायकली लावण्याचे स्टँड किंवा गुडघ्याहून कमी उंचीची झाडे लावावीत.

मोठा रस्ता ओलांडायचा असेल तेथे मध्ये थांबण्यासाठी बेट ठेवावे आणि ओलांडण्याच्या दिशेने त्याचे माप किमान दोन मीटर असावे. साधी सायकल 1.8 मीटर लांब असते. बेट दीड मीटरचे ठेवले तर पुढचे किंवा मागचे चाक गाड्यांच्या मार्गिकेत राहते. मागे मुलांची गाडी जोडलेल्या किंवा सामान वाहणाऱ्या सायकलला याहूनही जास्त जागा लागते. सिग्नल असेल तर चालणाऱ्यांना आणि सायकलस्वारांना वळणाऱ्या गाड्यांच्या आधी 3 ते 7 सेकंद हिरवा दिवा द्यावा, म्हणजे गाडी हलेपर्यंत ते चालकाच्या नजरेसमोर, रस्त्याच्या मध्यापर्यंत पोहोचलेले असतात.

दोन्ही दिशांची सायकल वाहतूक रस्त्याच्या एकाच बाजूला नेण्याचा मोह येथेच तपासून पाहावा. जागा वाचते हे निर्विवाद आहे. परंतु उपरस्त्यातून बाहेर येणारा चालक ज्या बाजूने गाड्या येतात तिकडेच पाहतो, आणि त्याच वेळी उलट बाजूने एखादी सायकल येत असते. म्हणून रस्त्याच्या एका बाजूला लोहमार्ग, कालवा किंवा मोठे उद्यान असेल आणि तिकडे उपरस्ते जवळजवळ नसतील, तेव्हाच हा पर्याय निर्धास्तपणे घ्यावा. एरवी दोन्ही बाजूंना एकेका दिशेचा मार्ग बरा.

फाटके आणि बसथांबे

उपनगरातील रस्त्यावर चौकांपेक्षा घरांची फाटके कितीतरी जास्त असतात आणि आराखड्यात त्यांच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. प्रत्येक फाटकापुढे गाडीसाठी पदपथच उतरता केला, तर चालणाऱ्याच्या पायाखाली लाटा तयार होतात. चाकाच्या खुर्चीवर बसून असा पदपथ एकदा पार करून पाहावा: प्रत्येक उतारावर खुर्ची रस्त्याकडे ओढली जाते आणि तिला सरळ ठेवण्यासाठी एका हाताने सतत जोर लावावा लागतो. पदपथाचा आडवा उतार पाण्याच्या निचऱ्यापुरता, 1:50 (50 सेंटीमीटरला 1 सेंटीमीटर) हून अधिक नसावा. गाडीचा उतार पदपथाच्या बाहेर, कर्बलगतच्या (रस्त्याकडील दगडी कडेलगतच्या) मोकळ्या पट्ट्यात, थोडा उभा करून बसवावा, म्हणजे पदपथ सपाट राहतो आणि गाडीलाही हळूच चढावे लागते. चालणाऱ्यांसाठीचा रॅम्प मात्र 1:12 पेक्षा उभा करू नये.

बसथांब्याजवळ सायकल मार्ग थांब्याच्या मागून न्यावा, म्हणजे बस आणि सायकल यांची जागेसाठी झटापट होत नाही. मात्र बसमधून उतरणारा माणूस थेट सायकल मार्गावर पाऊल ठेवणार नाही, एवढी रुंदी थांब्याच्या बेटाला हवी, आणि बेटापर्यंत जाण्यासाठी सायकल मार्गावर उंचवटा देऊन पट्टे मारलेली एक ठळक जागा हवी. अंध व्यक्तींना सायकलचा आवाज येत नाही, त्यामुळे या एका ठिकाणी त्यांच्या संघटनांशी बोलल्याशिवाय रेखाटन अंतिम करू नये.

सरळ भागाची मापे

आता रुंदीचा हिशेब करता येतो. समजा रस्ता भिंतीपासून भिंतीपर्यंत 16 मीटर आहे. आज दोन्ही बाजूंना 1.5 मीटरचे पदपथ, 2.5 मीटरचे पार्किंग आणि मध्ये चार-चार मीटरच्या दोन मार्गिका आहेत. ताशी 50 किलोमीटरच्या आतील रस्त्याला चार मीटरची मार्गिका लागत नाही. तीन मीटर पुरतात, आणि रुंद मार्गिका चालकाला वेगाचे आमंत्रणच देते. मार्गिका 6 मीटरमध्ये बसवल्या की 10 मीटर उरतात. त्यांत दोन-दोन मीटरचे पदपथ, दोन-दोन मीटरचे एकेरी सायकल मार्ग आणि दोन्हीकडे एकेक मीटरचा झाडांचा पट्टा बसतो, पण पार्किंग पूर्ण जाते. दुसऱ्या मांडणीत पदपथ तेवढेच ठेवून एका बाजूला 3 मीटरचा दुहेरी सायकल मार्ग, 0.8 मीटरची मोकळी पट्टी आणि 2.2 मीटरचे पार्किंग बसते. ती 0.8 मीटरची पट्टी कुणी छाटायला निघाले तर ठामपणे नकार द्यावा: गाडीचे दार उघडते ते तिथेच, आणि उघडत्या दारावर आदळलेला सायकलस्वार बहुधा उलट बाजूला फेकला जातो.

जागा कमी पडली की पदपथ आणि सायकल मार्ग एकत्र करून टाकावेत अशी सूचना हमखास येते. वर्दळ अगदी विरळ असेल तेथे ते चालून जाते. वस्तीतल्या रस्त्यावर मात्र त्याचा भुर्दंड वृद्धांना आणि दृष्टिहीनांना पडतो, आणि तेच लोक मग घराबाहेर पडेनासे होतात. दोन्हींच्या पातळीत सुमारे 60 मिलिमीटरचा फरक ठेवला तर तो पांढऱ्या काठीला जाणवतो; त्या पायरीची कड तिरकी घडवावी, म्हणजे पेडल अडकत नाही आणि चुकून चढलेली सायकल पडत नाही. जपानमधील सेइइची मियाके यांनी 1965 मध्ये शोधलेल्या आणि 1967 मध्ये ओकायामा येथे प्रथम रस्त्यावर बसवलेल्या स्पर्शफरशा आता जगभर वापरल्या जातात: लांब रेघा म्हणजे पुढे चला, गोल उंचवटे म्हणजे थांबा, पुढे धोका आहे. त्यांची रांग दिव्याच्या खांबावर जाऊन संपत नाही ना, हे प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासावे.

खांबांवरून एक चूक सांगतो, जी आमच्याच हातून झाली. एका मार्गाच्या आराखड्यात आम्ही पदपथ 2 मीटर दाखवला होता आणि तो भिंतीपासून कर्बपर्यंत खरोखर 2 मीटर भरत होता. काम झाल्यावर फलकाचा एक खांब आणि विजेची एक पेटी अशा जागी उभी राहिली की मधली मोकळी वाट 1.1 मीटर उरली. चाकाच्या खुर्चीला किमान 0.9 मीटर लागतात, त्यामुळे ती कशीबशी गेली असती, पण दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडू शकत नव्हत्या, त्यासाठी 1.8 मीटर हवेत. तेव्हापासून रुंदी मोजताना टेप भिंतीला न लावता अडथळ्याच्या कडेला लावायचा, आणि प्रत्येक खांब, झाड, पेटी आणि गटाराचे झाकण आराखड्यावर आधीच दाखवायचे, हा नियम मी सोडलेला नाही.

सायकल मार्गासाठी यंत्राने अंथरलेले गुळगुळीत डांबर सांध्यांच्या फरशीपेक्षा सरस असते, कारण फरशीचे हादरे हाताला जाणवतात आणि लोक पुन्हा मुख्य रस्त्यावर उतरतात. गटाराच्या जाळीच्या पट्ट्या प्रवासाच्या दिशेला आडव्या असाव्यात. त्या समांतर असतील तर अरुंद चाक फटीत अडकते. सलग चढ 3 टक्क्यांच्या आत असेल तर बहुतेकांना तो पेलतो, 5 टक्क्यांचा लांब चढ अनेकांना सायकलवरून उतरायला लावतो.

मार्गाची दोन टोके

नेदरलँड्समध्ये सायकल मार्ग पाच कसोट्यांवर तपासतात: सलगता, थेटपणा, सुरक्षितता, आराम आणि आकर्षकता. यांतील सलगता टोकांशी हमखास तुटते, कारण मंजूर झालेले काम एका हद्दीपर्यंतच असते. मार्ग रस्त्याच्या मध्येच विरून जाऊ देऊ नये. तो ओलांडण्याच्या सुरक्षित जागेशी, शांत गल्लीशी किंवा स्थानकाच्या दाराशी आणून सोडावा, मग त्यासाठी शंभर मीटर जास्त किंवा कमी करावे लागले तरी चालेल. शांत गल्लीतून बाहेरच्या गाड्या जाऊ नयेत म्हणून तोंडाशी खुंट लावायचे असतील, तर त्यांत सुमारे दीड मीटरची फट ठेवावी: तीनचाकी सायकल आणि चाकाची खुर्ची जाते, मोटार जात नाही.

लोकांशी बोलणी आणि तात्पुरता प्रयोग

रहिवाशांपुढे छापील आराखडा ठेवला तर चर्चा पार्किंगच्या आकड्यावर येऊन थांबते. त्याऐवजी एका रविवारी सकाळी परवानगी घेऊन रस्त्याचा पन्नास मीटरचा तुकडा खडूने प्रत्यक्ष मापात आखावा आणि लोकांना त्यावरून चालू द्यावे, सायकल नेऊ द्यावी, दुकानदाराला मालाची गाडी उभी करून पाहू द्यावी. खडूच्या रेघेवर उभा राहिलेला माणूस नेमकी अडचण सांगतो: माझे फाटक बाहेर उघडते, इथे रुग्णवाहिका कुठे थांबणार, या झाडाच्या मुळांनी फरशी उचलली आहे. पार्किंगची मोजणीही तोवर झालेली असावी, आणि ती रात्री उशिरा केलेली असावी. रहिवाशांच्या गाड्या तेव्हाच सर्वाधिक असतात, आणि खरोखर किती जागा रिकाम्या राहतात हे त्याच वेळी दिसते.

ज्या मुद्द्यांवर एकमत होत नाही ते तात्पुरत्या प्रयोगाने तपासावेत. 2020 मध्ये पॅरिस आणि बोगोटा या शहरांनी सुटे अडथळे आणि रंग वापरून अल्पावधीत सायकल मार्ग उभे केले, आणि त्यांतील अनेक पुढे कायमचे झाले. प्रयोग किमान काही महिने चालवावा, कारण पहिल्या आठवड्यांत चालक नव्या रचनेला सरावलेले नसतात आणि सायकलस्वारांना मार्गाचा पत्ताच नसतो. काय मोजणार आणि कोणता निकाल आला तर काय बदलणार हे प्रयोगापूर्वी लेखी जाहीर करावे. नंतर ठरवले तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा आकडा पुढे करतो.

देखभालीचे कलम त्याच कागदात असावे. झाडणारे यंत्र सायकल मार्गाच्या रुंदीत मावते का, पाने आणि काचा कोण आणि किती दिवसांनी उचलणार, जलवाहिनीसाठी खणल्यावर पूर्वीसारखे डांबर कोण अंथरणार, या प्रश्नांना नेमून दिलेला विभाग आणि ठरलेली मुदत अशी उत्तरे हवीत.

मार्ग खुला झाल्यावर महिन्याभराने त्याच खुणांवर, त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजणी करावी. शिवाय पाऊस थांबल्यावर अर्ध्या तासात एकदा संपूर्ण मार्गावर फेरी मारावी. ओल्या डांबरावर सायकलच्या चाकांचे माग स्पष्ट उमटलेले असतात, आणि ते कुठे अचानक मार्ग सोडून मुख्य रस्त्यावर उतरतात हे दिसते: एखादे बुडालेले झाकण, न वळता येणारा कोपरा, फाटकाबाहेर उभी असलेली गाडी. त्या जागा नकाशावर लाल शाईने टिपून दुरुस्तीचा पहिला हप्ता तिथेच खर्च करावा.